सोबतीला आई नको

माझा उजवा हात कशानं आखडला असं कुणी विचारलं, तर मी ‘स्टोव्हनं’ म्हणते आणि मोकळी होते. ते पुरतं खरं नाही. स्टोव्हनं कातडी जाळली, ती कुणाचीही जळली असती. हात आखडला तो आईच्या मायेनं, आणि त्या कामात तिला माझीही मदत होती. आई होती तोवर हे मी चारचौघांत कधी बोलले नाही. ती मात्र शेवटपर्यंत चारचौघांत वेगळंच सांगत राहिली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जावा असं फारसं वाटतही नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाशिकला पंचवटीत दोन खोल्यांत राहत होतो. वडील पाटबंधारे खात्यात कारकून, आई घरी, आणि मी एकुलती. डी.एड. होऊन मी सिन्नरच्या अलीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत लागले होते, त्याला वर्षही झालं नव्हतं. रोज सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारच्या एसटीनं परत यायचं. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. वर्गात पाऊल टाकलं की आधी फळ्याच्या अगदी वरच्या कडेला तारीख, वार आणि सुविचार लिहायचा, त्याखाली पटसंख्या, मग शिकवायला सुरुवात. माझं अक्षर चांगलं होतं. दुसऱ्या वर्गांची पोरं दारातून माझा सुविचार वाचून जायची. त्या वयात एवढ्यावरसुद्धा माणूस हवेत चालतो.

त्या दिवशी मी पहिल्या पगारातून घेतलेली नायलॉनची साडी नेसले होते. तेव्हा नायलॉनचं कोण कौतुक! इस्त्री नको, धुतली की तासात वाळते. चहा टाकायला पंपाचा स्टोव्ह पेटवला, तो फुरफुरायला लागला. पिन मारली, दोन पंप जास्त दिले, आणि एकदम भडका उडाला. सुती साडी जळते आणि गळून पडते. नायलॉन वितळतं आणि अंगाला चिकटतं. हे मला त्या दिवशी कळलं. वडिलांनी माझ्यावर गोधडी टाकली. शेजारच्या काकू धावत आल्या आणि मी हजेरीसाठी आणलेली निळ्या शाईची दौत त्यांनी माझ्या दंडावर आणि काखेत उपडी केली. शाई लावली की फोड येत नाहीत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. टांग्यातून दवाखान्यात पोचले तेव्हा मी अर्धी काळी आणि अर्धी निळी होते. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना आधी ती शाई धुवावी लागली, आणि धुताना मी जी किंचाळले ती काकूंना ऐकवायला हवी होती.

उजवा दंड, काख, बरगड्यांची बाजू आणि मानेची एक पट्टी, एवढं भाजलं होतं. चेहरा वाचला. ‘चेहरा वाचला ना, मग झालं’ हे वाक्य पुढच्या चार महिन्यांत मी इतक्या वेळा ऐकलं की चेहऱ्याचाच राग यायला लागला.

जबाब घ्यायला हवालदार आला. वॉर्डात भाजलेल्या बायकाच बायका होत्या, त्यामुळे त्याचे प्रश्न ठरलेले होते. लग्न झालेल्या बाईला तो विचारायचा, कुणी पेटवलं. बिनलग्नाच्या मुलीला विचारायचा, कुणासाठी. मी तीनदा सांगितलं की स्टोव्ह भडकला. तिसऱ्या वेळी त्यानं लिहून घेतलं, पण त्याच्या तोंडावर मुळीच विश्वास नव्हता. विश्वास भेटायला येणाऱ्यांच्याही तोंडावर नसायचा. आजाऱ्याला बघायला जायची आपल्याकडे फार हौस. बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा, चादरीखाली काय काय जळलंय याचा अंदाज घ्यायचा, आणि निघताना आईला बाजूला घेऊन विचारायचं, “खरं काय झालं हो?”

आता त्या हाताचं. सिस्टर करड्या होत्या, हसायच्या नाहीत, पण हात हलका होता. दहाव्या-बाराव्या दिवशी त्यांनी वॉर्डबॉयकडून एक लाकडी फळी आणवली, खाटेला आडवी लावली, आणि माझा उजवा हात खांद्यापासून सरळ बाहेर काढून त्या फळीला कापडी पट्ट्यांनी बांधला. काख उघडी पडली. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

“दुखणार,” त्या म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. “मावशी, सोबतीला तुम्हीच ना? नीट ऐका. हात अंगाशी घेतला की बरं वाटतं, म्हणून पेशंट तो अंगाशीच घेतो. पण तशीच कातडी भरून आली तर ती आकसते आणि हात कायमचा चिकटतो. हिनं कितीही रडून मागितलं तरी पट्टी सोडायची नाही.”

आई म्हणाली, “नाही सोडणार.”

तिनं पहिला दिवस काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी, वॉर्ड शांत असताना, मी रडत होते. नुसतं पाणी येत नव्हतं डोळ्यांतून, हुंदके देऊन भीक मागत होते. “आई, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं सोड.” तिनं दाराकडे पाहिलं, पट्ट्या सोडल्या, आणि माझा हात अलगद अंगाशी आणून ठेवला. काय सुख होतं ते! आयुष्यात नंतर कशानंही मला तेवढं बरं वाटलेलं नाही. ती माझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, “किती छळायचं एका जिवाला. त्यांना काय, पोटची थोडीच आहे.”

मग तो आमचा नेमच झाला. सकाळी डॉक्टरांची फेरी होईपर्यंत हात फळीवर. फेरी गेली की पट्ट्या सुटायच्या. संध्याकाळी सिस्टर यायच्या आधी आई पुन्हा बांधायची. आम्ही दोघी मिळून हे इतकं नीट जमवलं होतं की आम्हाला त्याची गंमत वाटायची. डॉक्टरांनी रोज दोन अंडी खायला सांगितली होती, तीसुद्धा आई शेजारच्या खाटेवरच्या बाईला देऊन टाकायची. अंडं उष्ण, भाजलेलं चिघळेल म्हणून. मला ती ज्वारीची पेज पाजायची. जखमा भरायला त्यामुळे दुप्पट वेळ लागला, हे पुढे कळलं. तेव्हा मी पेज प्यायले आणि आईसारखं कुणी नाही असं म्हणाले.

जखमा भरल्या तेव्हा काखेत कातडीचा एक जाड पडदा तयार झाला होता. एक कड दंडाला, एक कड बरगडीला. हात वीतभर बाजूला व्हायचा आणि तिथेच थांबायचा. सिस्टरनी तो उचलून पाहिला, सोडला, पुन्हा उचलून पाहिला. मग फळीच्या पट्ट्या हातात घेतल्या. त्यांची गाठ एका तऱ्हेची असायची आणि आईची दुसऱ्या, एवढं कळायला त्यांना वेळ लागला नाही.

“मावशी, तुमच्या मायेनं हिचा हात खाल्ला,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

आई त्या दिवशी जेवली नाही. मला तिची दया आली होती, हे कबूल करते. पण घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात समाचाराला आलेल्या बायकांना ती सांगत होती, “दवाखान्यात फळीला बांधून ठेवलं हो लेकराला. बांधून बांधून हात आखडवला मेल्यांनी.” मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. उठून बाहेर जावं आणि खरं काय ते सांगावं, असं दहादा मनात आलं. पण पट्ट्या सोड म्हणून रडलं कोण होतं? मी गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्याचा तिनं पुढची पाच वर्षं भरपूर उपयोग केला.

रजा संपली, सिव्हिल सर्जनचा दाखला कसाबसा मिळाला आणि मी शाळेत हजर झाले. खडू हातात घेतला, फळ्यापाशी गेले, आणि हात फळ्याच्या मध्यावरसुद्धा पोचला नाही. चवड्यांवर उभी राहिले, अंग डावीकडे कलतं केलं, तरी नाही. पोरं बघत होती. शेवटी सुविचार मी फळ्याच्या खालच्या भागात लिहिला, कमरेत वाकून. मागच्या रांगेतली पोरं उठून उभी राहिली, कारण पुढच्यांच्या डोक्यांआड त्यांना काही दिसेना. डाव्या हातानं लिहायचा सराव केला, पण ती अक्षरं म्हणजे कोंबडीनं उकरलेली माती. हेडमास्तर भला माणूस होता. त्यांनी काही न बोलता मला पहिलीचा वर्ग दिला. पोरं खाली बसतात, लहान असतात, खालचा फळा चालून जातो. चांगुलपणानं केलेला अपमान परतही करता येत नाही. मग तपासणीला साहेब आले आणि म्हणाले, “बाई, अर्धा फळा कोरा का ठेवता?” मी म्हटलं, “सवय आहे.” त्यांनी शेऱ्यात तसं लिहिलं.

लग्नाचं एकदाच जमत आलं होतं. इगतपुरीची माणसं, मुलगा रेल्वेत. आईनं मला लांब बाह्यांचं पोलकं घातलं आणि पोह्यांच्या बशा आधीच टेबलावर मांडून ठेवल्या, म्हणजे ट्रे धरायला नको. मुलाची आई मोठी पक्की होती. सगळं बोलणं झाल्यावर तिनं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “पोरी, फळीवरचा तो डबा काढ बघू, बडीशेप असेल तर.” मी उठायच्या आत आई उठली आणि तिनंच डबा काढला. त्या बाईनं एक चिमूट बडीशेप घेतली. पंधरा दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचं पोस्टकार्ड आलं. आई म्हणाली, “दवाखान्यानं माझ्या पोरीचं वाटोळं केलं.” तेव्हा मात्र मी तिच्याकडे बघितलं. तिनं नजर वळवली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. ती विसरली असेल, स्वतःचं खोटं तिला खरं वाटत असेल, अशी जी माझी समजूत होती ती त्या दिवशी संपली.

ऐंशी साल उलटून गेल्यावर नाशिकला अशा आखडलेल्या अवयवांची ऑपरेशनं करणारे एक डॉक्टर यायला लागले. शाळेतल्या एका बाईंकडून कळलं आणि आम्ही तिघं गेलो. त्यांनी हात तपासला. पडदा कापायचा, मांडीची कातडी काढून तिथे लावायची, म्हणाले. हात पूर्ण वर जाईल.

“पण ऑपरेशन हे अर्धंच काम,” ते म्हणाले. “त्यानंतर तीन महिने हात असाच वर बांधून ठेवायचा. लावलेली कातडीसुद्धा आकसते. तेवढं पाळलं नाही तर पुन्हा हेच होईल, आणि दुसऱ्यांदा मी हात लावणार नाही. सोबतीला कोण राहणार?”

“मी आहे ना,” आई म्हणाली.

“आई नको,” मी म्हणाले.

वडील पंख्याकडे बघायला लागले. डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर काहीतरी लिहीत बसले. शब्द तोंडातून गेला होता आणि तो मागे घ्यायची माझी इच्छा नव्हती.

“मग कोण?” आईनं विचारलं.

“आत्या.”

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नांदगावची. नवरा लवकर गेला, तिनं एकटीनं शेत सांभाळलं. आईचं आणि तिचं लग्नाच्या दिवसापासून पटलं नव्हतं. आई तिला दगडाच्या काळजाची म्हणायची. मला दगडाचंच काळीज हवं होतं. आणि दुसरी कोणीही चालली असती तरी आईला झोंबेल ते नाव मी मुद्दाम घेतलं, हेही लिहून टाकते.

आत्या एक वळकटी आणि मिश्रीची डबी घेऊन आली. ऑपरेशन झालं, शुद्ध आली, तेव्हा हात डोक्याच्या बाजूला फळीवर बांधलेला होता आणि आत्या त्या बाजूला स्टुलावर बसली होती. तिसऱ्या दिवशी मी रडायला लागले. ती दात घासत होती. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, “रड. लय रड. पन पट्टी काय सुटायची नाय.” मी तिला नाही नाही ते बोलले. तुला पोर नाही म्हणून तुला कळत नाही, असंही बोलले. ती म्हणाली, “नाय कळत. म्हून तर बोलावलं ना तू मला?” आणि तिनं गाठ बोटानं चाचपून बघितली.

आई रोज भेटीच्या वेळी डबा घेऊन यायची. डावीकडे बसायची, मोकळ्या हाताच्या बाजूला. दोघी नणंद-भावजया खाटेच्या दोन बाजूंना बसायच्या आणि एकमेकींशी शब्द बोलायच्या नाहीत. मला भरवून झालं की आई डबा पुसून पिशवीत ठेवायची आणि जायची. आता डब्यात अंडी असायची, सोललेली, मीठ लावून.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, आई डबा घेऊन आलेली असताना, आत्या कपडे धुवायला खाली नळावर गेली. वॉर्डात फारसं कुणी नव्हतं. काख आतून कुणी ओढत असल्यासारखी ताणत होती, खांद्यातून कळा येत होत्या. माझं अवसान संपलं. ज्या बाईला मी सगळ्यांसमोर नको म्हटलं होतं तिलाच म्हणाले, “आई, जरा सोड ना गं. पाच मिनिटं. तिला कळणार नाही.”

आईनं दाराकडे पाहिलं. मी ओळखलं, आता ती उठणार. ती उठली नाही. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. पातळ पदरातून ते दिसत होते.

“तूच नको म्हणालीस ना मला,” ती म्हणाली.

“आई, दुखतंय गं.”

“दुखू दे.”

ती तशीच बसून राहिली. मी रडत होते, ती भिंतीकडे बघत होती. तिचेही डोळे गळत होते, पण ते पुसायला तिनं हात बाहेर काढला नाही. आत्या पिळे घेऊन परत आली, तिनं आधी गाठ पाहिली, मग आईकडे पाहिलं, आणि कपडे वाळत घालायला गेली. आईनं पिशवी उचलली आणि वेळ संपायच्या आधीच निघून गेली.

ते तिनं माझ्या भल्यासाठी केलं, की मला शिक्षा म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलंच असतं असंही नाही.

दवाखान्यातून मी घरी न जाता नांदगावला गेले. दोन महिने रात्री फळीला हात बांधून झोपले, दिवसा आत्याच्या दारच्या कडुलिंबाची फांदी धरून लोंबकळले. तीन महिने पुरे झाले तेव्हा डॉक्टरांनी हात उचलायला सांगितला आणि तो कानाला लागला. सुट्टीनंतर शाळेत गेले आणि फळ्याच्या वरच्या कडेला तारीख, वार, सुविचार लिहिला. अक्षर बिघडलं होतं. पहिलीच्या पोरांना काही वाचता येत नव्हतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी पुसून पुन्हा लिहिला.

नांदगावहून मी घरी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट सांगायची राहिली. भाजल्यापासून माझी वेणी आईच घालत असे. हात डोक्यापर्यंत जात नव्हता, दुसरा इलाजच नव्हता. पाच वर्षं रोज शाळेत जायच्या आधी मी तिच्यापुढे पाटावर बसायचे, आणि आम्ही एकमेकींवर कितीही धुमसत असलो तरी तेवढा वेळ तिचे हात माझ्या केसांत असायचे. नांदगावला आत्यानं केस ओढून नुसता अंबाडा बांधला होता. त्या सकाळी मी सवयीनं पाट घेतला आणि तिच्यापुढे पाठ करून बसले. ती उठली, तेलाची बाटली आणि फणी माझ्यापुढे आणून ठेवली.

“आता तुझा हात पुरतो,” ती म्हणाली, आणि समोर भाजी निवडायला बसली.

मी हात वर केला. डोक्याच्या मागे नेला, कोपर बाहेर काढलं, केसांचे तीन पेड केले. हात कुठेच अडला नाही. भांग मात्र वाकडा पडला. आईनं मान वर करून तो पाहिला, आणि पुन्हा खाली बघून मेथीची पानं खुडायला लागली.